सत्य आणि शेवटचा निवाडा

प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर आहे, असे आपण वर्गात सांगतो. एखादी मुलगी विचारते, "हे खरे कशावरून?" आपण म्हणतो, "सगळे शास्त्रज्ञ तसे मानतात." एवढ्याने तिचे समाधान व्हावे का?

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी जानेवारी १८७८ मध्ये एका विज्ञान मासिकातील लेखात नेमके हेच उदाहरण घेतले होते. ते स्वतः लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वाकर्षण मोजणारे शास्त्रज्ञ होते. प्रकाशाचा वेग कोणी गुरूच्या उपग्रहांच्या ग्रहणांवरून काढतो. फिझो दातेरी चाक वापरतात, तर फूको फिरता आरसा. आरंभी उत्तरे वेगवेगळी येतात, पण पद्धती सुधारत जातात तशी ती जवळ येतात. तपास करणाऱ्या सर्वांचे ज्या मतावर शेवटी एकमत होणे अटळ आहे, ते मत म्हणजे सत्य, असे पर्स यांनी मांडले.

यातील 'शेवटी' हा शब्द महत्त्वाचा आहे. १९४१ साली रेमंड बर्ज यांनी तोवरच्या मोजमापांची छाननी करून २,९९,७७६ किलोमीटर हा आकडा दिला. अनिश्चितता फक्त ४ किलोमीटरची. १९५० मध्ये लुई एसेन यांनी सूक्ष्मतरंग वापरून केलेल्या मोजणीत मात्र २,९९,७९२.५ हा आकडा आला, आणि पुढील मोजमापांनी तोच उचलून धरला. म्हणजे १९४१ मध्ये जाणकारांनी स्वीकारलेला आकडा चुकीचा होता. प्रकाश तेव्हाही आपल्याच वेगाने जात होता.

मग आजचे एकमत सोडून आदर्श परिस्थितीतला निवाडा घेतला तर? हिलरी पटनम यांनी १९८१ मध्ये सत्याची सांगड अशा निवाड्याशी घातली. पुढे त्यांनीच ती भूमिका सोडली. अडचण आपल्या अंगणातही दिसते. गेल्या वर्षीच्या पहिल्या पावसात शाळेच्या अंगणात किती थेंब पडले? काहीएक संख्या होतीच. पण आज कितीही काटेकोर तपास केला, तरी ती हाती लागणार नाही.

तेव्हा आदर्श निवाडा आणि सत्य यांना एकच मानता येत नाही. तरीही एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वाटा एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा आपला विश्वास वाढणे रास्तच आहे. त्या मुलीला आपण या वाटा सांगू, आणि १९४१ ची चूकही सांगू. तिचा प्रश्न अशा चुका शोधण्याच्या कामी येतो.