पॅरामीटर-बंधन

आभासी यंत्रे (व्हर्च्युअल मशीन) तयार करणे, चालू-बंद करणे, त्यांची प्रतिकृती काढणे ही कामे आपोआप पार पाडणाऱ्या कार्यप्रवाहात (वर्कफ्लो) कोणते मूल्य कोणत्या पायरीकडे जावे व तिथून निघालेले मूल्य कोठे साठवावे, हे ठरवणारी जोडणी. पॅरामीटर (प्राचल) म्हणजे ज्याचे नाव व प्रकार आधी ठरलेले असतात, परंतु मूल्य दर वेळी नव्याने भरले जाते, असा घटक होय.

मोठ्या मेघ-सेवांत (क्लाउड) या जोडणीची गरज विशेष भासते. नवी दिल्लीत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (स्थापना १९७६) केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत २०१४ मध्ये राष्ट्रीय मेघ-सेवा सुरू केली. दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा सेंटर आहेत. अशा सेवेत प्रत्येक शासकीय खात्याच्या मागणीतील प्रोसेसर, मेमरी व साठवण यांचे आकडे निराळे असले, तरी यंत्र उभारण्याच्या पायऱ्या बहुतांशी त्याच राहतात. म्हणून पायऱ्या एकदाच रचून बदलती मूल्ये बंधनांद्वारे पुरवणे सोयीचे ठरते.

व्हीएमवेअर कंपनीने २००७ मध्ये डून्स टेक्नॉलॉजीज ही स्विस कंपनी विकत घेतली व तिच्या प्रणालीतून पुढे ‘ऑर्केस्ट्रेटर’ हे असे कार्यप्रवाह रचणारे व चालवणारे सॉफ्टवेअर विकसित केले. त्यातील कार्यप्रवाहात मूल्ये तीन ठिकाणी असतात : वापरकर्त्याने भरलेले इनपुट, जे मध्येच बदलता येत नाही, पायऱ्यांमध्ये मूल्य वाहून नेणारे व्हेरिएबल, ज्याला पूर्वी ‘ॲट्रिब्यूट’ म्हणत, आणि शेवटी हाती येणारे आउटपुट. त्यामुळे पायरीत येणारे मूल्य इनपुटशी किंवा व्हेरिएबलशी जोडता येते, तर तिच्यातून निघणारे मूल्य व्हेरिएबल किंवा आउटपुट यांनाच जोडावे लागते.

जोडलेल्या दोन्ही बाजूंचा प्रकार एकच असावा लागतो. यंत्राचे नाव ही केवळ अक्षरमाला (स्ट्रिंग) असल्याने जी पायरी प्रत्यक्ष यंत्र-वस्तू मागते तिला ते चालत नाही. त्या नावावरून यंत्र शोधून देणारी पायरी आधी घालावी लागते. पासवर्डासाठी ‘सिक्युअर-स्ट्रिंग’ हा स्वतंत्र प्रकार आहे.

राहून गेलेली किंवा प्रकार न जुळणारी बंधने प्रणालीच्या तपासणीत सापडतात. मात्र प्रोसेसरांची संख्या व मेमरीचा आकडा यांची अदलाबदल झाल्यास दोन्ही संख्याच असल्याने ती चूक तपासणीतून निसटते. म्हणून कार्यप्रवाह वापरात आणण्यापूर्वी तो चाचणी-यंत्रावर चालवून पाहणे आवश्यक असते.