‘अंडर’ : एका इंग्रजी उपसर्गाचा अर्थेतिहास

इंग्रजीतील ‘अंडर’ हा उपसर्ग आज ज्या न्यूनतेच्या अर्थाने वारंवार कानी पडतो, तो अर्थ त्याच्या ठायी मुळात नव्हता. संस्कृत ‘अधर’ हा या शब्दाचा दूरचा भाऊबंद होय. दोहोंचा मूलार्थ ‘खालचा’ एवढाच. प्राचीन इंग्रजीत हा उपसर्ग बहुधा स्थान किंवा हुद्दा दाखवी; लॅटिन ‘सब्’ने सिद्ध झालेल्या शब्दांची प्रतिरूपेही त्याच्या साहाय्याने घडविली जात. ‘अंडरस्टँड’ हे क्रियापद त्या काळापासून चालत आलेले आहे. ‘खाली’ आणि ‘उभे राहणे’ यांतून ‘समजणे’ कसे निष्पन्न झाले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; तथापि त्या शब्दात कमतरतेचा गंधही नाही, हे निर्विवाद होय.

याउलट ‘ओव्हर’ या उपसर्गाला अतिरेकाचा अर्थ फार पूर्वी लाभला. अतिभोजनाला प्राचीन इंग्रजीत ‘ओफेरॅट’ असा शब्द होता. अपुरेपणासाठी ‘अंडर’ची अशी योजना तेव्हा रूढ नव्हती. खादाडपणा हे धर्मोपदेशकांच्या लेखी पाप होते. कमी जेवणे हे पाप नव्हते, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

न्यूनतेचा अर्थ पुढे आला तो मुख्यतः सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि ‘ओव्हर’च्या जोडीने. ‘अंडरव्हॅल्यू’ हे क्रियापद शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये येते. नाटक व्यापाऱ्यांचे आहे, ही गोष्ट अगदीच असंबद्ध म्हणता येणार नाही. कारण कमी मोल करणे, दुसऱ्यापेक्षा कमी दराने विकणे या बाजारातील व्यवहारांना हा उपसर्ग चांगलाच मानवला. न्यूनता सांगावयाची तर आधी माप हवे, आणि बाजारात माप सर्वांच्या समोर असते.

एकोणिसाव्या शतकात या घडणीचे शब्द मजुरांच्या हलाखीच्या वर्णनांत शिरले. ‘अंडरपेड’ आणि ‘अंडरफेड’ ही त्यांतील ठळक उदाहरणे. मराठीतील ‘अर्धपोटी’ हा शब्द भुकेल्याच्या पोटाकडे पाहतो. ‘अंडरफेड’ हे कर्मणी धातुसाधित असल्यामुळे खाऊ घालणारा कोणी तरी गृहीत धरते, मात्र त्याचे नाव घेत नाही. छायाचित्रकारांनीही हीच रचना उचलली. रसायनात पुरेसा वेळ न ठेवलेली काच ‘अंडरडेव्हलप्ड’ ठरे. तेथे दोष कोणाचा, हे सांगण्याची आवश्यकताच नव्हती.

हाच शब्द पुढे देशांना लागला. अर्थशास्त्रीय लेखनात तो आधीपासून होता. परंतु २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या अधिकारग्रहणाच्या भाषणात तो वापरल्यावर त्याचा प्रसार जगभर झाला. १९५१ साली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या पाच तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे त्या पाचांपैकी एक होते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलेशिया आणि पश्चिम युरोप यांच्या मानाने जेथील दरडोई वास्तव उत्पन्न कमी, ते देश या संज्ञेने अभिप्रेत आहेत, असे अहवालाने स्पष्ट केले. आणि त्या अर्थी ‘गरीब देश’ हा पर्याय पुरेसा आहे, असेही नमूद केले. माप कोणाचे, हे इतक्या उघडपणे क्वचितच सांगितले गेले असेल. भारताच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेने, १९५१ ते १९५६ या कालखंडासाठी, वेगळी वाट धरली. वापराविना पडून असलेले मनुष्यबळ आणि हात न लागलेली नैसर्गिक साधनसंपत्ती ही एकत्र नांदतात, ते या अर्थव्यवस्थेचे लक्षण, असे तिने मानले. येथे परक्या उत्पन्नाशी तुलना नाही. देशाचे स्वतःचे सामर्थ्य हेच माप झाले.

मराठीने या संज्ञेसाठी ‘अविकसित’, ‘अर्धविकसित’ आणि ‘अल्पविकसित’ असे तीन शब्द वापरले. पैकी पहिला सदोष वाटतो, कारण ‘अ’ने न्यूनतेऐवजी अभावच सूचित होतो. दुसऱ्यातील ‘अर्ध’ मोजले कोणी, हा प्रश्न उरतो. ‘अल्पविकसित’ हाच त्यातल्या त्यात मूळाला धरून आहे. १९६४ साली ७७ देशांनी संयुक्त निवेदन काढले, तेव्हा स्वतःस ‘विकसनशील’ म्हणवून घेतले आणि उपसर्गाला रजा दिली.

गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी मात्र उपसर्ग टाकला नाही. युरोपने आफ्रिकेची ही अवस्था कशी केली, हे सांगणाऱ्या १९७२ मधील ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांनी ‘अंडरडेव्हलप्ड’ला सकर्मक क्रियापद केले : कर्ता युरोप, कर्म आफ्रिका. धातुसाधितात शतकभर लपलेला कर्ता अशा रीतीने वाक्यात येऊन उभा राहिला. मराठीत ‘अविकसित ठेवले’ असे भाषांतर सहज सुचते. पण ‘ठेवले’ म्हणजे जे होते ते तसेच राहू दिले. रॉडनींचा आरोप याहून कठोर आहे. ‘मागे लोटले’ हे अर्थाने अधिक जवळचे ठरते, फक्त त्यात ‘अंडर’ कोठेच उरत नाही.