पिवळ्या मातीतले पाणी

हर्सूल मागे टाकून जळगाव रस्त्याने उत्तरेला निघालो, की सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठा येते. तेथील चित्रांतला पिवळा रंग पिवळ्या मातीचा, तर तांबडा गेरूचा. हर्सूलच्या मुरमाचा पिवळसर-तांबूस रंगही त्यांच्याच भाईबंदांचा. बेसॉल्टमधील लोह हवा-पाण्याने गंजले, की ही संयुगे बनतात.

पिवळी माती भाजली की तांबडी होते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. भाजताना पाणी निघून जाते, हे रसायनशास्त्रज्ञांनी तोलून दाखवले. पण दर नमुन्यात पाणी निराळेच भरे! म्हणून निरनिराळी सूत्रे मांडली गेली. 'लिमोनाइट' म्हणजे लोह-ऑक्साइडच्या दोन रेणूंना पाण्याचे तीन, हे सूत्र आम्हीही विद्यार्थी असताना पाठ केले होते.

वास्तविक १९१९ सालीच अमेरिकेत पोस्न्याक आणि मर्विन यांनी ते खोडून काढले होते. खरे प्रमाण एकास एकच. जास्तीचे पाणी केवळ बारीक कणांना धरून राहिलेले. पुढे क्ष-किरणांनी स्फटिकरचना उलगडली, तेव्हा तर आत पाण्याचे रेणूच नाहीत असे दिसले. प्रत्येक लोह-अणूभोवती तीन ऑक्सिजन आणि तीन हायड्रॉक्सिल असतात. जर्मन कवी गोएथे याच्या नावावरून १८०६ साली नाव मिळालेले हे खनिज म्हणजे गोएथाइट. ही घडी मोडायला २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमान लागते. म्हणूनच अजिंठ्याचा पिवळा रंग शतकानुशतके पिवळा राहिला.

गोएथाइटमध्ये वजनाने ६३ टक्के लोह. तरीही साध्या चुंबकाला ते दाद देत नाही. ओढ्याच्या वाळूतले काळे कण मात्र चटकन चिकटतात. असे का? लोह-अणू हे जणू छोटे चुंबकच. गोएथाइटमध्ये निम्मे एका दिशेला, निम्मे उलट दिशेला तोंड करून असतात. बेरीज जवळजवळ शून्य! अशा रचनेची कल्पना फ्रान्सच्या लुई नील यांनी १९३० च्या दशकात मांडली. त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. गोएथाइटमधील ही शिस्त सुमारे १२० अंशांना मोडते.

वर्गात १० ग्रॅम पिवळी माती आधी ११० अंशांना वाळवून, मग शिक्षकांनी स्वतः भाजून तोलावी. शुद्ध गोएथाइट असेल तर सुमारे १ ग्रॅम घट यावी. चिकणमाती मिसळलेली असेल तर आकडा जुळणार नाही. तो का जुळला नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. १९१९ साली प्रश्न तोच होता.