मूकपटापासून ध्वनिमुद्रिकेपर्यंत : एका अमोल ठेव्याचा इतिहास

कोणत्याही समाजाची ओळख त्याने उभारलेल्या वास्तूंवरून जशी होते, तशीच त्याने जपलेल्या स्मृतींवरूनही होते. मंदिरे, धर्मशाळा, शास्त्रभांडारे यांच्या जतनाचे महत्त्व सर्वांना मान्य आहे. परंतु गेल्या शतकात महाराष्ट्राच्या भूमीवर एक नवी कला जन्माला आली, वाढली आणि घराघरांत पोहोचली. तिच्या आरंभीच्या खुणा मात्र डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. ती कला म्हणजे चित्रपट, आणि तिची सहोदर म्हणजे चित्रपटसंगीत. तिचा इतिहास निर्मात्यांचा आहे, तसाच तो ती सांभाळून इतरांपर्यंत पोहोचविणाऱ्या रसिकांचाही आहे.

उगम महाराष्ट्रात

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. ती पाहून प्रभावित झालेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी परदेशातून कॅमेरा मागविला. १८९९ साली त्यांनी मुंबईतील एका कुस्तीचे चित्रीकरण केले. रँग्लर र. पु. परांजपे १९०१ साली विलायतेहून परतले, तेव्हाचा त्यांचा सत्कारही सावेदादांनी टिपला. १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात झळकला. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता.

संपूर्ण भारतीय कथापटाचा मान धुंडिराज गोविंद फाळके यांना मिळतो. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि तेथून यंत्रसामग्री घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून दाखविली. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पण ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. सरस्वतीबाई रात्री फिल्मला छिद्रे पाडीत, ती धूत आणि मंडळींचा स्वयंपाकही करीत. या उद्योगाची पहिली तंत्रज्ञ स्त्री म्हणून त्यांचे स्मरण ठेवले पाहिजे.

पुढे मुंबईच्या काही व्यापाऱ्यांच्या भागीदारीत फाळक्यांनी हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. कलावंताची उमेद आणि व्यापाऱ्याचा हिशोब यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. मतभेद झाले, फाळके बाहेर पडले आणि पुन्हा परतलेही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

कोल्हापूरची परंपरा आणि 'प्रभात'

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. त्यांच्या १९२० च्या 'सैरंध्री'वर प्रसन्न होऊन लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. त्यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' हा तर व्यापारी समाजाने आवर्जून स्मरणात ठेवावा असा चित्रपट. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. देवादिकांच्या चमत्कारांत रमलेल्या पडद्याला गावच्या पेढीवरचे सत्य दाखविण्याचे धाडस त्यांनी केले. त्यातील शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. १९०१ साली कोल्हापुरात जन्मलेल्या शांतारामांचे वडील राजाराम वणकुद्रे हे जैन होते, ही गोष्ट समाजबांधवांना विशेष वाटावी अशी आहे.

पेंटरांच्या तालमीत तयार झालेले विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे बाहेर पडले. १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. भांडवलाचा भार सीताराम कुलकर्णी यांनी उचलला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि चित्रे बोलू लागली. लगेच १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. दुर्गाबाई खोटे यांची तारामती आणि गोविंदराव टेंबे यांचे संगीत यांमुळे तो गाजला. १९३३ साली कंपनी पुण्यास आली.

पुण्यातील प्रभातचा १९३४ चा 'अमृतमंथन' देवीपुढे दिल्या जाणाऱ्या बळींच्या प्रथेविरुद्ध होता. बळी बंद करणारा राजा आणि त्याविरुद्ध कट रचणारा राजगुरू यांचा त्यात संघर्ष आहे. पडदा व्यापणारा राजगुरूचा तो एकच क्रोधित डोळा प्रेक्षक विसरू शकले नाहीत. अहिंसेचे तत्त्व प्रवचनाच्या व्यासपीठावरून जसे सांगता येते, तसेच ते चित्रगृहातूनही सांगता येते, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

१९३६ च्या 'संत तुकाराम'ने कळस गाठला. विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा, गौरी यांची जिजाई, केशवराव भोळे यांचे संगीत. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची गणना जगातील उत्तम चित्रपटांत झाली. समर्थांचे जन्मस्थान असलेल्या जांबच्या आणि गोदाकाठच्या संतभूमीतील भाविकांना तो आपला वाटला, यात नवल नाही. १९३७ च्याच 'कुंकू' मध्ये शांताबाई आपटे यांनी विजोड विवाहाला नकार देणारी नीरा साकारली. त्या चित्रपटात पार्श्वसंगीतच नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, ग्रामोफोन असे घरात खरोखर ऐकू येणारे ध्वनी तेवढे आहेत. 'माणूस' (१९३९), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०), 'शेजारी' (१९४१) अशी मालिका पुढे चालू राहिली. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि पुढील दशकात 'प्रभात' बंद पडली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

गावोगावीची फिरती चित्रगृहे

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील जालन्यासारख्या व्यापारी शहरात पक्की चित्रगृहे उभी राहू शकली. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या बाजूच्या खेड्यांपासून मात्र लोहमार्ग दूर आणि रस्ते कच्चे. अशा महाराष्ट्रभरच्या खेड्यापाड्यांत चित्रपट पोहोचविला तो फिरत्या चित्रगृहांनी. जत्रा किंवा उरूस ठरला की मालमोटारीवर प्रक्षेपण यंत्र, तंबूचे कापड आणि जनित्र लादून ही मंडळी येत. दिवसभर ध्वनिक्षेपकावर गाणी वाजत आणि अंधार पडला की खेळ सुरू होई. प्रेक्षक जमिनीवर बसत. स्त्रियांची बाजू निराळी राखलेली असे. रीळ तुटले की यंत्रचालक ते जोडेपर्यंत सारा तंबू शिट्ट्यांनी दणाणून जाई. एकच चित्र शेकडो गावे फिरून येई, तोवर त्यावर इतके ओरखडे पडलेले असत की पडद्यावर पाऊस कोसळत असल्याचा भास व्हावा! या फिरत्या चित्रगृहांच्या अखेरच्या पर्वावरील 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखविला गेला.

स्वरांचा संसार

चित्रपट गावातून निघून जाई. गाणे मात्र मागे राही. त्याला कारण ध्वनिमुद्रिका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या तबकड्या लाखेच्या मिश्रणापासून बनत, आणि ती लाख बहुतांशी भारतातूनच जगभर जाई. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मावत. चित्रपटगीतांची लांबी बहुधा तेवढीच राहिली, त्याचे एक कारण हेच.

आरंभी नट स्वतः गात आणि वादक झाडाआड किंवा पडद्याआड बसून साथ देत. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या काळात पार्श्वगायन रूढ होऊ लागले आणि संगीताला नवे दालन उघडले. या दालनात मराठी मातीतील संगीतकारांनी मोठी भर घातली. प्रभातमध्ये घडलेले वसंत देसाई पुढे 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) पर्यंत शांतारामांना साथ देत राहिले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) आणि 'अनारकली' (१९५३) यांच्या चालींनी देशाला वेड लावले. गायकाला मात्र श्रेय मिळायला वेळ लागला. 'महल' (१९४९) मधील लताबाईंच्या सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातील पात्राचे, 'कामिनी'चे नाव छापलेले होते!

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावरील निष्ठेपोटी त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावे झाली. सकाळी जुन्या चित्रपटांच्या गीतांचा कार्यक्रम लागे आणि त्याची सांगता सैगल यांच्या स्वराने होई. दुकान उघडण्याची वेळ त्या गाण्यावरून ठरविणारे व्यापारी गावोगावी होते. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. रसिकांच्या आवडीपुढे शासनालाही नमावे लागले.

किंमत आणि मोल

आता या इतिहासातील दुःखद भाग. मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे तेराशे चित्रपट निघाले असे जाणकार मानतात. त्यांपैकी आज जेमतेम तीसेक उरले आहेत आणि त्यांतील बरेचसे तुकड्यांच्या रूपात. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळेच शिल्लक आहेत. 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याच्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या, त्यामुळे भारताचे पहिले बोलपटगीत आज कोणालाही ऐकता येत नाही.

हे का झाले? त्या काळची फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी आणि उष्ण-दमट हवेत कुजणारी. पण दोष केवळ हवामानाचा नाही. फिल्मवरील लेपात चांदी असे. खेळ संपले, की जुनी रिळे चांदी काढण्यासाठी भंगारात विकली जात. ज्या वस्तूचे मोल होऊ शकत नाही, तिची वजनावर किंमत झाली. व्यापारी माणसाला किंमत आणि मोल यांतील अंतर इतर कोणापेक्षा अधिक कळावे. पण येथे तेच विसरले गेले. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या अनेक मूळ फिल्म्स त्यात भस्मसात झाल्या. अन्य फिल्मवर आधीच उतरविलेल्या प्रती होत्या, म्हणूनच ते चित्रपट आजही पाहता येतात.

जतन करणारे हात

जे वाचले, ते कोणाच्या तरी प्रेमामुळे वाचले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी अडगळीच्या खोल्या, बंद पडलेली चित्रगृहे आणि भंगारवाल्यांची दुकाने धुंडाळून रिळे गोळा केली. फाळके कुटुंबीयांकडे उरलेले तुकडेही त्यांनी मिळविले, आणि फाळक्यांच्याच टिपणांच्या आधारे 'कालिया मर्दन'ची (१९१९) जुळणी केली. हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. १९१९ च्या 'बिल्वमंगल'चा काही भाग तर २०१६ साली थेट फ्रान्समधून परत आला. विष्णुपंत दामले यांचे सुपुत्र अनंतराव दामले यांनी प्रभातच्या चित्रपटांचे हक्क मिळवून ते नव्या पिढीपुढे आणले.

संगीताच्या क्षेत्रातही असेच घडले. कानपूरचे हरमंदिरसिंग 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध करून बोलपटाच्या आरंभापासूनच्या हजारो गीतांची नोंद केली. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था उभी राहिली. भौतिकशास्त्राचे संशोधक सुरेश चांदवणकर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. या मंडळींनी तबकड्या कपाटात बंद करून ठेवल्या नाहीत. एकत्र बसून त्या ऐकल्या, ऐकविल्या आणि त्यांवर लिहिले. संग्रह वाटला गेला तरच तो जिवंत राहतो, हे त्यांच्या कार्याचे सार आहे.

जैन समाजाला हे सूत्र नवीन नाही. मूडबिद्रीची ताडपत्रे किंवा कारंजा येथील शास्त्रभांडार शतकानुशतके टिकले, ते पिढ्यानपिढ्या हस्तलिखिते उघडली, झटकली, त्यांच्या नव्या प्रती केल्या म्हणून. श्रुतपंचमी आणि ज्ञानपंचमी हे दिवस त्याचीच आठवण देतात. धर्मग्रंथाचे स्थान अर्थातच निराळे. पण जतनाची रीत एकच : उघडून पाहणे, प्रत करणे आणि दुसऱ्याच्या हाती देणे.

आजही अनेक जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेल्या तबकड्या, बिघडलेला ग्रामोफोन, चित्रपटाच्या गाण्यांची दोन पैशांची पुस्तिका, एखादे विटलेले भित्तिपत्रक सापडते. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना विचारावे, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, तबकडीवरील नाव व क्रमांक टिपून ठेवावा आणि शक्य असल्यास ती योग्य संग्राहकाच्या वा संग्रहालयाच्या स्वाधीन करावी. रद्दीच्या तराजूत त्यांचे चार-दोन रुपये येतील. पण एकदा गेलेला स्वर कितीही द्रव्य वेचले तरी परत मिळत नाही, हे 'आलम आरा'च्या उदाहरणाने शिकविले आहे. पूर्वजांनी दिलेला ठेवा पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत सोपविणे, हाच खरा व्यवहार आणि हेच खरे ऋणविमोचन होय.