ठासणीकडून काडतुसाकडे : अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या रूपांतराचा एक अध्याय

शस्त्रांचा इतिहास बहुधा नव्या शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. जुने शस्त्र टाकून न देता ते कापून, घासून नव्या कामास लावणाऱ्या कारागिराचा वाटा त्यात झाकला जातो. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांचे जे रूपांतर झाले ते या दृष्टीने विचारार्ह आहे. कारण तेथे कारागिराचा हात तंत्राने नव्हे, तर कायद्याने अडवला होता.

ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या नळकांड्याच्या प्रत्येक घरात पुढून दारू व गोळी ठासावी लागे आणि मागील टोकावर स्फोटक टोपी बसवावी लागे. धातूचे काडतूस मागून घालावयाचे, तर ही घरे आरपार असली पाहिजेत. एवढी साधी कल्पना! परंतु ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट याने तिचे पेटंट मिळवले आणि पुढील वर्षी ती वापरण्याचा एकाधिकार स्मिथ अँड वेसन यांस दिला. मोबदला रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट. मात्र पेटंटभंगाचे दावे लढविण्याचा भार व्हाइटवरच राहिला. व्हाइट हा पूर्वी कोल्टच्याच कारखान्यात काम केलेला होता, हा योगायोग मोठा बोलका आहे.

याचा परिणाम असा की, १८६१ ते १८६५ या युद्धकाळात धातूचे काडतूस ज्ञात असूनही लष्कराची बहुसंख्य रिव्हॉल्व्हरे ठासणीचीच राहिली. व्हाइटला पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून काँग्रेसने विधेयक संमत केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये ते नाकारले. या पेटंटामुळे युद्धात सरकारची अडचण झाली, असा दारूगोळा विभागाचा अभिप्राय त्यांच्यासमोर होता. सेनापती म्हणून ज्याने ते युद्ध जिंकले त्याचा हा नकार केवळ कायदेशीर मानणे मला कठीण वाटते.

मुदत १८६९ मध्ये संपली. पण तत्पूर्वीच पळवाटा निघाल्या होत्या. कोल्टच्या कारखान्यातील थूअर याने १८६८ मध्ये निमुळते काडतूस पुढूनच घालण्याची युक्ती काढली. घरे मागून उघडी न ठेवल्याने पेटंटभंगाचा प्रश्न टळे. रेमिंग्टनने सरळ मार्ग पत्करला व शुल्क भरून सुमारे साडेचार हजार रिव्हॉल्व्हरे बदलली. खरे रूपांतर मात्र रिचर्ड्‌सच्या १८७१ च्या पेटंटाने झाले. नळकांड्याचा मागील भाग कापून तेथे काडतूस घालण्याची झडप असलेली चकती बसवावयाची, ठासणीचा दांडा काढून त्या जागी रिकामी पुंगळी बाहेर ढकलणारी सळई लावावयाची, असे ते काम होते. लष्कराने आपली हजाराहून अधिक १८६० ची कोल्ट रिव्हॉल्व्हरे अशी बदलून घेतली. पुढे मेसनने आघात करणारी टोचणी चकतीतून काढून थेट घोड्यावर आणली. १८७३ चे प्रसिद्ध कोल्ट या दुरुस्त्यांतूनच उभे राहिले. ते एकाएकी अवतरले नाही.

रूपांतराने एक प्रश्न सुटला, तसा दुसरा उभा राहिला. ठासणीचे शस्त्र वापरणाऱ्यास दारू आणि शिसे पुरे. काडतुसाच्या शस्त्राला मात्र कारखान्यातील माल लागे, आणि दूरच्या वस्त्यांत तो दुर्मिळ व महाग असे. म्हणून पुंगळी पुन्हा भरण्यास महत्त्व आले. ज्या काडतुसाचे स्फोटक द्रव्य कडेच्या घडीत असे त्याची पुंगळी एका बारातच निकामी होई. मध्यभागी स्वतंत्र टोपी असलेली पुंगळी मात्र पुन्हा पुन्हा भरता येई. अशा टोपीच्या दोन पद्धती १८६६ च्या सुमारास पुढे आल्या. इंग्रज बॉक्सरच्या पद्धतीत जुनी टोपी काढणे सोपे होते, अमेरिकन बर्डनच्या पद्धतीत कष्टाचे. गंमत अशी की, पुढे अमेरिकेत इंग्रजाची पद्धत रुजली आणि युरोपात अमेरिकनाची. अमेरिकन लष्करानेही १८८० च्या दशकाच्या आरंभी पुन्हा भरता येणारी काडतुसे स्वीकारली, आणि १८८४ मध्ये न्यू हेवन येथे बार्लोने आयडियल कंपनी स्थापून चिमट्याच्या आकाराची भरणीची हत्यारे विकावयास काढली. सरकारी शस्त्रागाराबाहेरचे हे काम तेव्हापासून घरगुती मेजावर येऊन बसले.