प्रीती सदन

मुरबाडच्या आमच्या घरात आजोबांची विधवा बहीण राहायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. ती सगळ्यात आधी उठायची आणि सगळ्यात शेवटी जेवायची. तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण फारसं कुणी बोललंही नाही. ती गेली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. हार घालायला फोटो शोधला, तर प्रत्येक फोटोत आक्का कडेला, अर्धी कापलेली.

आता मी शहापूरला राहतो. आसनगावहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये फोनवर वाचत असतो. असंच एकदा पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना एका तपशिलावर अडकलो. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी वेगळं घर होतं. नाव होतं 'प्रीती सदन'. मराठी बायबलमध्ये ख्रिस्ती प्रेमासाठी हाच शब्द येतो, प्रीती. सिनेमातल्या गाण्यांमुळे आपल्याला तो वेगळाच वाटतो.

रमाबाई काय करत होत्या हे समजायला त्यांची भूक आधी समजून घ्यावी लागते. त्यांचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं, पुढे ते पुण्याला नेलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी मदत होती, दुष्काळी कामंही निघाली होती. पण ज्या पोरीच्या मागे कुणीच उरलं नाही, तिला काम आणि धान्य देऊन भागत नाही. छावणीत तिच्यावर कोण नजर ठेवून आहे, हेही कुणीतरी बघावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम चालू होती, पण ही केस तिच्यात धरलेलीच नव्हती. रमाबाईंनी शेकडो मुलींना सोबत आणलं. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर मुक्काम पडला. प्लेगच्या काळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्रही लिहिलं.

केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, माग आणि छापखाना चालवला. समाजानं 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' निघालं. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. रमाबाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्याचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ते बायबल १९२४ मध्ये निघालं.

यातला अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कारण मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय असं त्यांचं म्हणणं होतं. उपाशी मुलीला भाकरी आणि धर्म एकाच हातातून मिळाले, तर तिची निवड कितपत मोकळी म्हणायची? मी ख्रिस्ती नाही आणि मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्या मुलींना आणायला इतर किती जण गेले होते?

मला पटलं ते एवढंच, की केडगावात प्रीती नुसत्या भावनेवर सोडलेली नव्हती. तिच्यासाठी खोली होती, अंथरूण होतं, वाचायला अक्षरं आणि हाताला काम होतं. आक्काला आमच्या घरात छप्पर आणि जेवण मिळालं. पण तिला काय येतं, तिला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. त्या 'कुणी'त मीही होतो.

परवा बाबांना विचारलं, आक्काचं खरं नाव काय? त्यांना आठवेना. शेवटी जुन्या रेशनकार्डावर सापडलं. त्या अर्ध्या फोटोच्या मागे मी ते पेनानं लिहून ठेवलंय.