मध्यरात्रीचा टपालतास



घरात दूरध्वनीची घंटा वाजली तर तो कोणी उचलावा, हा प्रश्न आपल्यापैकी कोणालाच अवघड वाटत नाही. जो जवळ असेल तो उचलतो, आवाज ओळखतो, आणि ज्याच्यासाठी फोन असेल त्याला हाक मारतो. परंतु उचलणारे यंत्र असेल तर? पलीकडे माणूस आहे, दुसरे यंत्र आहे, की चुकून क्रमांक फिरवलेली कोणी व्यक्ती आहे, हे त्याला कसे कळावे? आज ज्या इतिहासाची मांडणी मी आपल्यापुढे करणार आहे, तो या प्रश्नाभोवती घडला. १९८४ साली अमेरिकेत दोन खासगी संगणकांमध्ये सुरू झालेले आणि पुढील दहा-बारा वर्षांत जगभर पसरलेले 'फिडोनेट' नावाचे टपाल, आणि त्या टपालासाठी घराघरांतला मोडेम कसा लावावा लागे, हा आजचा विषय होय. तो तांत्रिक वाटेल; पण त्याच्या मुळाशी शेजारधर्म आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम मोडेम म्हणजे काय ते पाहू. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोन खुणांची. दूरध्वनीची तार मात्र माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी घातलेली. तेव्हा खुणांचे सुरांत रूपांतर करणारे आणि पलीकडे त्या सुरांच्या पुन्हा खुणा करणारे एक यंत्र मध्ये लागते, तेच मोडेम. १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आपल्या देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतर आपल्याकडील पुष्कळांनी या यंत्राची ती किंचाळी आणि खरखर प्रथमच ऐकली असेल. अमेरिकेत तिचा इतिहास याहून जुना आहे. तेथे दूरध्वनी कंपनीच्या तारेला परके यंत्र जोडण्यास कंपनीची मनाई असे. १९६८ साली 'कार्टरफोन' प्रकरणात तेथील संचार आयोगाने ही मनाई उठवली आणि तारेला हानी न करणारे यंत्र जोडण्याची वाट मोकळी झाली. या एका निर्णयावाचून पुढची सारी कथा घडली नसती.

दुसरी पायरी १९८१ ची. डेनिस हेस आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीने 'स्मार्टमोडेम' बाजारात आणला. तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी माणसालाच क्रमांक फिरवून फोनचा हँडसेट रबरी वाट्यांत बसवावा लागे. हा नवा मोडेम संगणकाच्या आज्ञा ऐके. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी 'ए-टी' ही दोन अक्षरे येत. 'अटेन्शन', म्हणजे 'लक्ष दे', याचा तो संक्षेप. पण एकाच तारेतून आज्ञाही यावयाच्या आणि मजकूरही जावयाचा. मग आज्ञा कोणती आणि मजकूर कोणता, हे मोडेमने कसे ओळखावे? उत्तर मोठे मार्मिक होते. सुमारे एक सेकंद शांतता, मग अधिकाची तीन चिन्हे, मग पुन्हा एक सेकंद शांतता. एवढे झाले की मोडेम मजकूर बाजूला ठेवून आज्ञा ऐकू लागे. मजकुरात ती तीन चिन्हे सहज येतील, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना अशी शांतता सहसा येणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

याच सुमारास संगणकी फलकांची प्रथा वाढू लागली होती. १९७८ च्या हिवाळ्यात शिकागोत मोठे हिमवादळ झाले. घरी अडकून पडलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघा हौशी मंडळींनी एक संगणकी सूचनाफलक रचला आणि १६ फेब्रुवारीला तो दूरध्वनीवरून लोकांना खुला केला. चावडीच्या भिंतीवर नोटीस लावावी, येणाऱ्याने वाचावी आणि वाटल्यास खाली दोन ओळी लिहून जावे, तशी ही रीत. अडचण एवढीच, की फलक आपल्या गावापुरता. शिकागोच्या फलकावर लिहिलेले वाचायचे, तर शिकागोलाच फोन केला पाहिजे.

ही अडचण १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी दूर केली. त्यांच्या फलकाचे नाव 'फिडो'. आपल्याकडे मोत्या म्हणतात तसे तिकडे कुत्र्याला देतात ते नाव. दुसरा फिडो बाल्टिमोर येथे जॉन मॅडिल यांच्याकडे होता. अमेरिका खंडाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन संगणकांनी रात्री एकमेकांना फोन करून पत्रे द्यावी-घ्यावी, अशी योजना जेनिंग्ज यांनी केली. रात्रच का? दूर अंतराच्या फोनचा दर रात्री उतरे म्हणून. रात्री अकरानंतर एस.टी.डी.चा दर पावपट होई म्हणून बूथबाहेर ताटकळत उभे राहिलेल्यांना याचे मर्म सांगावयास नको. पुढे उत्तर अमेरिकेसाठी ग्रीनिचच्या नऊ ते दहा हा टपालाचा तास ठरला; सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा हिवाळ्यात रात्रीचा एक वाजलेला असतो. या तासात प्रत्येक केंद्राने केवळ टपालासाठी मोकळे असलेच पाहिजे, एरवी केंद्र दिवसभर बंद राहिले तरी चालेल, असा नियम झाला. कायदा नाही, पगार नाही, मालक नाही. एक ठरलेला तास आणि एक यादी, एवढ्यावर हे टपालखाते चालू लागले.

यादीवरून आठवले. केंद्रांच्या क्रमांकांची यादी जेनिंग्ज सुरुवातीस स्वतःच ठेवीत. केंद्रे वाढली तसा त्यांना तो भार झेपेना. यादीतील एखादा क्रमांक चुकला, तर त्याचा त्रास कोणाला? तो क्रमांक ज्या अनोळखी गृहस्थाचा असे, त्याला! रात्री एक वाजता घंटा वाजे, तो धडपडत उठून फोन उचली, पलीकडून कोणी बोलत नसे. उत्तर न मिळाल्याने यंत्र थोड्या वेळाने पुन्हा फोन करी. यंत्राला कंटाळा कोठला? असे प्रकार आरंभीच्या काळात खरोखर घडले. पुढे यादीचे काम सेंट लुईस येथील केन कॅप्लन, बेन बेकर आदी मंडळींनी अंगावर घेतले. नव्या केंद्राला सभासद व्हायचे, तर त्याने आपला अर्ज याच टपालातून, आपल्याच यंत्राकडून पाठवला पाहिजे, असा दंडक पडला. अर्ज पोहोचला याचा अर्थ यंत्र नीट लागले आहे. परीक्षेची याहून सोपी आणि सचोटीची रीत क्वचितच सापडेल.

१९८५ साली सेंट लुईसच्याच मंडळींच्या पुढाकाराने रचना बदलली. एका शहरातील दहा केंद्रांना दहा वेगळे महागडे फोन करण्याऐवजी त्या शहराची सारी पत्रे एकाच केंद्राकडे टाकावी, आणि तेथून त्याने स्थानिक फोन करून ती वाटावी, असे ठरले. रेल्वेच्या टपालडब्यात थैल्या फोडून जिल्ह्या-तालुक्याप्रमाणे पत्रे लावीत, तीच ही युक्ती. पुढे डॅलसच्या जेफ रश यांनी सार्वजनिक चर्चेचा मजकूर केंद्राकेंद्रावर उमटवणारी 'एकोमेल' ही सोय केली. यथावकाश जगाचे सहा विभाग पडले. त्यांत सहावा आशियाचा. १९९० च्या दशकाच्या मध्यास केंद्रांची संख्या ३५ हजारांहून अधिक झाली. यांतील बहुतेक केंद्रे म्हणजे कोणाच्या तरी घरातला एक संगणक, एक मोडेम आणि एक दूरध्वनी. त्या दूरध्वनीचे बिल चालक पदरचे भरी.

आता मेलरकडे वळू. प्रारंभी फलक आणि टपाल ही दोन्ही कामे एकाच कार्यक्रमात होती. पुढे 'सीडॉग', 'बिंकलीटर्म', 'फ्रंटडोर' यांसारखे स्वतंत्र मेलर निघाले. मेलर म्हणजे वाड्याच्या दिंडीवरचा देवडीवाला. घंटा वाजली की तो पुढे होतो. आलेला दुसरा मेलर असेल, तर ठरलेल्या खुणा करून पत्रांची देवघेव करतो. माणूस असेल, तर त्याला आतल्या फलकाकडे सोडतो. मात्र टपालाच्या तासात माणसाला नम्रपणे 'नंतर या' म्हणतो. हा देवडीवाला मोडेमशी जुळवून देणे हे चालकाचे मुख्य कौशल्य. मोडेमला आरंभी आज्ञांची एक ओळ द्यावी लागे. समोरचे यंत्र खरोखर जोडलेले असेल तेव्हाच तसे सांग. संगणकाने इशारा केला की फोन ठेव. जोडणी कोणत्या वेगाने झाली ते कळव. 'थांब' म्हटले की थांब आणि 'चल' म्हटले की चल. यांतील एक गोष्ट चुकली तरी घोटाळा होई. जोडलेले नसतानाही 'जोडले आहे' असे सांगणारा मोडेम मेलरला रात्रभर झुलवत ठेवी, आणि इशारा न ओळखणारा मोडेम काम संपल्यावरही फोन धरून बसे.

या साऱ्या आज्ञांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक बारीकशी आज्ञा: 'एस-शून्य बरोबर शून्य'. मोडेमच्या या खणात जो अंक असेल, तितक्या घंटा झाल्यावर तो आपण होऊन फोन उचलतो. तेथे एक लिहिले, तर पहिल्याच घंटेला उचलील. वरवर पाहता हे सोयीचे दिसते. पण समजा, रात्री संगणक मध्येच अडकून पडला. मोडेम शाबूत आहे. तो इमानाने फोन उचलणार. परगावच्या केंद्राला वाटणार, कोणी तरी आहे. त्याचे मीटर चालू होणार, आणि आत तर सगळे निपचित! वारंवार प्रयत्न करणाऱ्या यंत्राचे बिल दुसऱ्या कोणा भल्या माणसाच्या डोक्यावर बसणार. खणात शून्य लिहिले, म्हणजे मोडेम स्वतः फोन उचलत नाही. तो नुसते 'रिंग' असे मेलरला कळवतो, आणि मेलर जागा असेल तरच 'उचल' अशी आज्ञा देतो. मेलर निजला असेल तर घंटा वाजून वाजून बंद होते आणि फोन करणाऱ्याला छदामही पडत नाही. आपल्या घरातले यंत्र बिघडले तर परक्याच्या खिशाला चाट बसू नये, एवढा विचार त्या एका शून्यात भरलेला आहे.

यात १९९० नंतर एका नव्या पाहुण्याची भर पडली. तो म्हणजे फॅक्स. कागदाची प्रतिमा तारेवरून पाठवण्याची 'ग्रुप ३' ही पद्धत १९८० साली आंतरराष्ट्रीय मान्यतेची झाली होती. आता तीच करामत मोडेममध्ये आली. एकाच तारेवर माणसाचा, मेलरचा आणि फॅक्सचा फोन येऊ लागला. फॅक्स यंत्र फोन केल्यावर दर तीन सेकंदांनी सुमारे अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा सूर काढते. तो ऐकला, तर मोडेम मेलरला 'कनेक्ट' ऐवजी फॅक्सचा शब्द कळवी. मेलर आपण बाजूला होऊन फॅक्सच्या कार्यक्रमाला पुढे करी. येथे दोन कसोट्या असत. पहिली बोलीची. 'क्लास १' पद्धतीत फॅक्समधील वेळेचे सारे काटेकोर भान संगणकाने ठेवायचे. 'क्लास २' मध्ये बराच भार मोडेम उचली. पण 'क्लास २' चा मसुदा पक्का होण्यापूर्वीच कारखानदारांनी त्याबरहुकूम मोडेम विकले. पुढे पक्का झालेला नियम मसुद्याहून निराळा निघाला, आणि त्याला 'क्लास २.०' म्हणावे लागले. नावात एका टिंबाचा आणि एका शून्याचा फरक, पण बोली भिन्न! दुसरी कसोटी परतीची. फॅक्स संपल्यावर मोडेमला पुन्हा टपालाच्या अवस्थेत आणण्याची आज्ञा राहिली, तर तो पुढच्या फोनलाही फॅक्सच समजे, आणि त्या रात्रीचे टपाल दारातून परत जाई. म्हणून शहाणा चालक प्रत्येक फोननंतर आरंभीची ओळ नव्याने पाठवण्याची व्यवस्था करी. आलेल्या प्रत्येकाला कोऱ्या मनाने सामोरे जावे, हा धडा येथे यंत्रालाही गिरवावा लागला.

हे रामराज्य होते, असे मात्र कोणी समजू नये. वाटेतल्या केंद्राच्या चालकाला दुसऱ्याची पत्रे वाचता येत. चर्चांत भांडणे पेटत. विभागप्रमुखांच्या अधिकारावरून वाद होत. पण या संघटनेच्या नियमावलीचे सार दोन वाक्यांत सांगत: दुसऱ्याला फार त्रास देऊ नका, आणि स्वतः फार चटकन त्रासून जाऊ नका. यातील पहिला नियम सर्वत्र आढळतो. दुसरा मात्र दुर्मीळ आहे.

या टपालाची ओहोटी १९९५ नंतर सुरू झाली. इंटरनेट आले, पत्र जाण्यासाठी रात्रीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, आणि शेकडो मैलांच्या फोनला वेगळे बिलही उरले नाही. फिडोनेट आजही चालू आहे, परंतु थोड्या केंद्रांत, आणि त्यांचे बहुतेक टपाल आता इंटरनेटवरूनच जाते. जे गेले ते महाग, संथ आणि कटकटीचे होते. ते परत यावे असे म्हणणे खुळेपणाचे ठरेल.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आज आपला निरोप क्षणात पोहोचतो, पण तो पोहोचवणारी व्यवस्था मोठ्या कंपन्यांच्या हाती आहे. ती कशी लावली आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ती बिघडली तर आपण फक्त वाट पाहतो. फिडोनेटच्या चालकाला ही मुभा नव्हती. त्याच्या मोडेममधील एका चुकीच्या अंकामुळे कोठल्या तरी गावात कोणाचे बिल वाढणार होते, किंवा कोणाची झोप मोडणार होती, आणि हे त्याला माहीत होते. हजारो अनोळखी माणसांनी एकमेकांना न पाहता ही जाणीव दहा-बारा वर्षे जागती ठेवली, म्हणून ते टपाल चालले. एखादी सार्वजनिक गोष्ट सरकारवाचून आणि शेठजींवाचून उभी राहू शकते काय, असे आपल्याला कोणी विचारले, तर हा दाखला सांगावा. आणि ती कशाच्या बळावर उभी राहते असे विचारले, तर त्या बारीकशा आज्ञेतील शून्याकडे बोट दाखवावे.